'सरकारनं विकलं' म्हणजे नेमकं काय विकलं, आणि कुठल्या कायद्यानं?

जुनी फाईल
राम राम मंडळी. एका सरकारी कंपनीच्या विधी विभागात उमेदीची सगळी वर्षं गेली, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात एकाच विषयावर दोनदा बोलायची वेळ आली. एकदा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात, थंडगार सभागृहात. दुसऱ्यांदा गावच्या वाचनालयात, सतरंजीवर बसलेल्या मंडळींपुढे. विषय होता सरकारी मालमत्तेच्या खासगीकरणाचा कायदा.

अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न: "सर, कायद्याचं नाव आणि वर्ष सांगा, लिहून घेतो." गावातला पहिला प्रश्न: "आपला एसटी स्टँड विकला म्हणतात, खरं का?"

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ऐकून पेनं थांबली. असा एक कायदा भारतात नाहीच. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिकडच्या देशांनी खासगीकरणाचे स्वतंत्र कायदे केले. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २९८ आहे: केंद्राला आणि राज्यांना व्यापार करायचा, मालमत्ता घ्यायची, बाळगायची आणि विकायची मुभा. पुढचं कलम २९९ सांगतं की असे करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावानं व्हायला हवेत. बाकी सगळं ज्या त्या मालमत्तेच्या कुंडलीत.

कुंडली हा शब्द मुद्दाम वापरला. मालमत्ता सरकारकडे कशी आली ते आधी बघायचं. ती कशी जाऊ शकते, हे त्यावरून निम्मं कळतं.

दोन उदाहरणं देतो. बाल्को, म्हणजे भारत अॅल्युमिनियम, ही १९६५ साली कंपनी कायद्याखाली नोंदलेली साधी सरकारी कंपनी. २००१ मध्ये तिचे ५१ टक्के शेअर ५५१.५ कोटींना स्टरलाइट या खासगी कंपनीला दिले. छत्तीसगडातल्या कोरब्याला कामगारांनी दोन महिन्यांहून जास्त संप केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० डिसेंबर २००१ ला निकाल आला: हा आर्थिक धोरणाचा प्रश्न आहे, बेकायदा काही घडलं नसेल तर न्यायालय त्यात पडणार नाही, आणि कंपनी कायम सरकारीच राहावी असा हक्क कामगाराला नाही.

हा निकाल वाचून सगळ्यांनी गृहीत धरलं की रान मोकळं झालं. मग हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमची वेळ आली. या दोघींची कुंडली वेगळी. परदेशी तेल कंपन्यांपैकी एस्सो १९७४ च्या आणि कॅलटेक्स १९७७ च्या कायद्यानं सरकारकडे आली, त्यांची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली; बर्मा शेल १९७६ च्या कायद्यानं आली, तिची भारत पेट्रोलियम. संसदेनं कायदा करून आणलेल्या वस्तू. १६ सप्टेंबर २००३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे कायदे अस्तित्वात असेपर्यंत नुसत्या मंत्रिमंडळाच्या निर्णयानं या कंपन्या खासगी हातात देता येणार नाहीत. आधी संसदेत जा, कायदा बदला.

विकणारं सरकार एकच, दोन निकालांत दोन वर्षांचंही अंतर नाही, आणि उत्तरं मात्र उलटी.

एसटी स्टँडचं खाली सांगतो. आधी चहा.

चहाटळ
म्हणजे सरकारी मालमत्तेचं लग्नासारखंच की. विधीवत लागलं असेल तर सोडचिठ्ठीही विधीवत.

नफातोटा
काका, माहिती चांगली आहे, पण या कीस काढण्यातच वीस वर्षं गेली. एअर इंडिया आधीच विकली असती तर करदात्याचे किती हजार कोटी वाचले असते? सरकारचं काम विमानं उडवणं नाही.

जुनी फाईल
@नफातोटा, विकावं की नाही यावर वेगळा धागा काढा, तिथेही येईन. इथे फक्त कसं, एवढंच. पण एअर इंडियाचं उदाहरण बरं काढलंत. १९५३ च्या कायद्यानं ती महामंडळ होती. १९९४ मध्ये संसदेनं तो कायदा रद्द करून तिची कंपनी केली. पुढे २०२१ मध्ये टाटांची बोली लागली तेव्हा संसदेत जायची गरज पडली नाही, ती पायरी २७ वर्षांपूर्वीच चढून झाली होती. अशी कामं फार गाजावाजा न होता होतात. भारत पेट्रोलियमचंही तसंच. बर्मा शेलचा कायदा २०१६ मध्ये कालबाह्य कायद्यांच्या लांबलचक यादीत रद्द झाला. २०१९ ला मंत्रिमंडळानं सुमारे ५३ टक्के हिस्सा विकायचं ठरवलं तेव्हा २००३ चा अडसर उरलाच नव्हता. विक्री झाली नाही ती वेगळ्या कारणानं. शेवटी एकच बोलीदार उरला आणि मे २०२२ मध्ये सरकारनं बेत गुंडाळला.

अधिकाऱ्यांना मी हेच सांगितलं: कालबाह्य कायदे रद्द करणारं विधेयक आलं की त्याचं परिशिष्ट वाचा. भाषणं कुणीही वाचतो.

आणि एअर इंडिया १८,००० कोटींना विकली असं जे म्हणतात, त्यातले रोख मिळाले २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे खरेदीदारानं डोक्यावर घेतलेलं कर्ज. नरिमन पॉइंटची इमारत त्या सौद्यात नव्हतीच. ती वेगळ्या सरकारी कंपनीकडे ठेवली आणि पुढे १,६०१ कोटींना महाराष्ट्र सरकारनं घेतली. एकाच नावाखाली किती निरनिराळ्या वस्तू असतात बघा: शेअर, कर्ज, इमारती, वसाहती, माणसं.

शाखा क्र. ३
मी बँकेत आहे. मार्च २०२१ आणि डिसेंबर २०२१, दोन्ही वेळा दोन-दोन दिवसांच्या संपात होते. आमच्या व्हॉट्सअॅप गटावर दर दोन महिन्यांनी 'आपली बँक विकली' असा संदेश फिरतो. बँकांची कुंडली कशी बघायची?

जुनी फाईल
ताई, राष्ट्रीयीकृत बँका दोन कायद्यांनी आल्या, १९७० चा आणि १९८० चा. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र पहिल्या खेपेची. खरं राष्ट्रीयीकरण जुलै १९६९ चं, पण तो कायदा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द केला, म्हणून १९७० चा नवा आला. त्यातलं कलम ३ वाचा. केंद्र सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, असं तिथेच लिहिलंय. म्हणून २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली, तरी कायदादुरुस्तीशिवाय गाडी हलणार नव्हती. त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनाच्या कामकाज यादीत विधेयकाचं नाव होतं, मांडलं गेलं नाही.

आयडीबीआय बघा. तीही सरकारी गणली जायची, पण तिचा मूळ कायदा २००३ च्या कायद्यानं रद्द होऊन ती कंपनी झाली. तिच्या विक्रीसाठी या कलम ३ चा प्रश्नच येत नाही.

तर गटावर संदेश आला की एवढंच विचारा, "दुरुस्ती विधेयक मंजूर झालं का?" नसेल तर चहा प्या.

बोलघेवडा
हे ५१ प्रकरण काय आहे सारखं? ५० नाही, ६० नाही.

जुनी फाईल
कंपनी कायदा, २०१३, कलम २(४५). केंद्र किंवा राज्य, किंवा दोघं मिळून, यांच्याकडे किमान ५१ टक्के भरणा झालेलं भांडवल असेल तर ती 'सरकारी कंपनी'. त्याखाली आलं की बिल्ला गेला. लेखापरीक्षक नेमायचा महालेखापरीक्षकांचा अधिकार जातो. माहिती अधिकार बहुधा जातो. रिट याचिकेचा, म्हणजे सरकारविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागायचा, रस्ताही बंद होत जातो.

म्हणून 'निर्गुंतवणूक' आणि 'खासगीकरण' यांची सरमिसळ करू नका. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के शेअर ९४९ रुपये भावानं लोकांना विकले. ही निर्गुंतवणूक, मालक तोच. हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसी या सरकारीच तेल कंपनीनं ३६,९१५ कोटींना घेतला. पैसे सरकारच्या तिजोरीत आले, पण कंपनी सरकारी गोतावळ्यातच राहिली. या खिशातलं त्या खिशात. वर्तमानपत्रांनी दोन्हींना एकच मथळा दिला होता.

अबोली_७
रिटचा रस्ता बंद होतो म्हणालात, तिथे थांबले. माझे यजमान एका सरकारी कंपनीत होते, नाव लिहीत नाही. वेतनवाढीवरून बारा वर्षांपूर्वी उच्च न्यायालयात गेले. तारखा पडत राहिल्या. मधल्या काळात कंपनीचा मालक बदलला. आता वकील म्हणतात याचिका टिकणारच नाही. दाखल केली तेव्हा तर सरकारीच होती ना? मग हा कुठला न्याय?

जुनी फाईल
वहिनी, तुमच्या वकिलांनी दुर्दैवानं बरोबर सांगितलंय. हाच प्रश्न एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आला होता. वेतन आणि बढतीच्या याचिका दाखल झाल्या तेव्हा कंपनी सरकारची होती, मुंबई उच्च न्यायालयात सुनावणीला आल्या तेव्हा नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं १६ मे २०२४ च्या निकालात सांगितलं की कंपनी आता राज्यघटनेच्या कलम १२ च्या अर्थानं 'राज्य' राहिलेली नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध रिट काढता येणार नाही. दाखल करतानाची स्थिती धरली नाही.

पण निकाल तिथेच संपत नाही. योग्य त्या मंचापुढे जायची वाट उघडी ठेवलीय, आणि रिटमध्ये गेलेला काळ मुदतीतून वगळून मागायची सोयही आहे. मुदत कायद्याचं कलम १४. वकिलांना नेमकं हे विचारा: यजमान 'कामगार' व्याख्येत बसत होते का? बसत असतील तर औद्योगिक न्यायाधिकरण, नसतील तर दिवाणी न्यायालय. आणि उशीर करू नका.

मला विचाराल तर हा निकाल कायद्याच्या तर्काला धरून आहे आणि माणसाच्या बाजूनं कोरडा आहे. प्रशिक्षणात मी तो वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. कारण तिथे बसलेल्या निम्म्यांचे खटले चालू होते.

लालबागचा नातू
आजोबा गिरणीत. ८२ च्या संपानंतर घर कसं चाललं ते आजीला विचारा. आमच्या डोळ्यांदेखत एनटीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्यांच्या जागी मनोरे झाले. त्याही कायदा करूनच सरकारकडे आल्या होत्या ना? मग तिथे संसद कुठे होती?

जुनी फाईल
दादा, सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात.

आजारी गिरण्या १९७४ च्या कायद्यानं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. संपानंतर १९८३ मध्ये मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारनं घेतलं, आणि १९९५ च्या कायद्यानं त्यांची मालकीही आली. म्हणजे कुंडली पेट्रोलियमसारखीच. फरक असा की इथे महामंडळ विकलं नाही. महामंडळ सरकारचंच राहिलं, विकली ती त्याच्या मालकीची जमीन, आणि तीही आजारी उद्योगांच्या मंडळानं मान्य केलेल्या पुनरुज्जीवन योजनेतून. काही गिरण्या चालवायला पैसा हवा म्हणून बाकीच्यांची जमीन विकायची. २००५ मध्ये ज्युपिटर २७६ कोटींना गेली, कोहिनूर ४२१ कोटींना, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना.

आणि घाव बसला तो भलत्याच कागदावर. विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. १९९१ च्या नियमाचा ढोबळ हिशोब असा: जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ च्या बदलानं ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी फक्त गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. चाळ, शेड, गोदाम पाडून रिकामी होणारी जमीन त्यातून निसटली. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं हा बदल वैध ठरवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पुढे सुमारे दीड लाख अर्ज आले, आणि घरं किती कमी पडली ते लालबाग-परळला सांगायला नको.

म्हणून म्हणतो, नुसता विक्रीचा कायदा वाचून भागत नाही. विकल्यानंतर त्या जमिनीवर काय करता येईल हे ठरवणारा नियम जास्त महाग असतो.

लालबागचा नातू
आजोबांना हे कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. मोर्चा मंत्रालयावर नेत होते. २००१ ची ती दुरुस्ती कुणी वाचलीच नाही.

शब्दकीडा
@जुनी फाईल, एक दुरुस्ती. 'कायद्यानं आली तर संसदेशिवाय जात नाही' हे इतकं सरळ नाही. हिंदुस्थान झिंकही १९७६ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याशी जोडलेली. तिचा उरलेला २९.५ टक्के हिस्सा विकायला सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ ला हरकत घेतली नाही.

जुनी फाईल
मान्य. मी घाईत गाळलं. तिथला मुद्दा असा की २००२ च्या विक्रीनंतर ती सरकारी कंपनी राहिलीच नव्हती, सरकार नुसतं एक भागधारक उरलं होतं, आणि भागधारकाला आपले शेअर विकता येतात. त्याच निकालात न्यायालयानं २००२ च्या २६ टक्क्यांच्या व्यवहाराबद्दल सीबीआयला रीतसर गुन्हा नोंदवायला सांगितलं, हेही लक्षात ठेवा. १९ वर्षांनी. फायलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना हे वाक्य मी दोनदा ऐकवलं.

मूल्यांकनाची टिपणं म्हणूनच जपून ठेवायची. मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटींना विकलं आणि काही महिन्यांत ते पुढे ११५ कोटींना विकलं गेलं. महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले. कायदा मोडला नसला तरी 'हा भाव कुठून आला' याला फायलीत उत्तर लागतं.

तात्पुरता कर्मचारी
मी तहसीलला आहे. आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात, 'सरकारनं वर्ग दोनच्या जमिनी विकायला काढल्या.' साहेबही तेच शब्द वापरतात.

जुनी फाईल
विकायला काढल्या नाहीत. भोगवटादार वर्ग २ म्हणजे जमीन तुमच्या ताब्यात, पण अटीवर. परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. मार्च २०१९ च्या नियमांनी ठरावीक रक्कम भरून वर्ग १ करून घ्यायची सोय केली, टक्का वापरानुसार वेगळा. पैसे भरणारा गडी जमीन विकत घेत नाही, आपल्या जमिनीवरची अट सोडवून घेतो. लोकांना हे असंच सांगा, लगेच कळतं.

गायरान मात्र यात धरू नका. जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्याच जुलैतला राज्याचा शासन निर्णय, दोन्हींचा रोख एकच: गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, नियमित करत बसू नका.

बोलघेवडा
आणि एसटी स्टँड? चहा थंड झाला काका.

जुनी फाईल
हो की. एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानं चालतं. ती कंपनी नाही. तिचे शेअर बाजारात न्यायला आधी कायद्याची मोडतोड करावी लागेल. स्टँडच्या जागेचा विकास करायला खासगी माणूस येतो तो भाडेपट्ट्यानं. भाड्यानं घेतलेल्या शिवशाहीत बस आणि चालक कंत्राटदाराचे, तिकीट फाडणारा वाहक एसटीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली २०२० मध्ये ८,२६२ कोटींना सुमारे दहा वर्षांसाठी दिली, रस्ता राज्याचाच. भिवंडीत वीज वाटपाचं काम २००७ पासून टोरंटकडे, तारा आणि खांब महावितरणचे. हे सगळं 'विकलं' या एका शब्दात कोंबलं की भांडायचं कुणाशी तेच कळत नाही.

मुदत किती, मुदतीनंतर काय परत मिळणार, आणि दर ठरवणार कोण? भाडेपट्टा किंवा फ्रँचायझी दिसली की हे तीन प्रश्न. वाचनालयात एका आजींनी चौथा घातला: "मधेच टाकून पळाला तर?" सभागृहात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

पाणंद
इतके दिवस नुसती वाचत होते. आमच्या गावात जिल्हा परिषदेची जुनी शाळा आहे, पटसंख्या घटली म्हणून बंद. आता ती जागा कुणा संस्थेला देणार अशी चर्चा. सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव. सरपंच म्हणतात, ठराव झाला की झालं. खरंच?

जुनी फाईल
नुसत्या ठरावानं होत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५६ बघा. स्थावर मालमत्ता विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पण आधी तोच प्रश्न: ग्रामपंचायतीकडे ती आली कशी? जुने फेरफार काढा.

पाणंद
तीन दिवस फेऱ्या मारल्या, आज फेरफार मिळाला. मोडीत नाही, नशीब. १९५८ ची नोंद आहे. गावातल्याच एका घराण्यानं 'शाळेकरिता' बक्षीसपत्रानं दिलेली जागा. त्या घराण्यातल्या आजी अजून आहेत, आमच्याच आळीत राहतात. त्यांना कुणी विचारलंच नाही.

जुनी फाईल
वा! आता दुय्यम निबंधकांकडे शोध घ्या आणि मूळ बक्षीसपत्राची नक्कल काढा. फेरफारात सारांश असतो, अट शब्दशः दस्तातच सापडेल. शाळा बंद पडली तर जागा परत जाईल असं लिहिलंय, की नुसतं 'शाळेकरिता', यावर सगळं अवलंबून आहे. नक्कल हातात आली की इथे टाका, नावं झाकून.

पाणंद
सोमवारी जाते. आजी म्हणाल्या, मलाही रिक्षात घेऊन चल.